पगाराच्या पावतीवरची एक ओळ



गणपती आटोपले, हिशेब जुळले, उरलेल्या प्रसादाच्या पुड्या वाटून झाल्या की आपल्याकडे एक विषय हमखास निघतो. कुणीतरी खुर्ची पुढे ओढून म्हणतं, "हे नाटक-गाणी-भोंडला सगळं ठीक आहे हो, पण आपली एक भक्कम संघटना हवी. सरकारदरबारी आपलं म्हणणं मांडणारी!" सगळे माना डोलावतात. मग दुसरा कुणी अमेरिकेचा दाखला देतो, तिसरा विचारतो, "पण करणार कोण?" आणि त्या प्रश्नाशी चहा येतो. चहानंतर विषय बदलतो.

यंदा म्हटलं, या सदरात तो विषय चहाच्या पुढं न्यावा.

सुरुवातीला एक छोटंसं काम करा. या महिन्याची पगाराची पावती काढून पाहा. त्यात 'सिंडा' अशी एक ओळ असेल. किती कापले गेलेत? पगार महिना २,५०० ते ४,५०० डॉलरच्या दरम्यान असेल तर ७, पुढे ७,५०० पर्यंत ९, त्यापुढे १०,००० पर्यंत १२, १५,००० पर्यंत १८, आणि त्याहून वर असेल तर ३०. हे दर २०१५ पासूनचे. नागरिक, पीआर आणि एम्प्लॉयमेंट पासवाले, आपण सगळेच यात येतो. नको असेल तर लेखी कळवून बंद करता येतं, पण बहुतेक जण बंदही करत नाहीत आणि चौकशीही करत नाहीत. सहा-सात डॉलरची ती कुठली कसली चौकशी! भाजीवाल्याशी मात्र आपण पन्नास सेंटवरून वाद घालतो.

गंमत अशी, की जी 'भक्कम संघटना' आपल्याला हवी आहे, तिच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट या बेटावर १९९१ पासून उभी आहे आणि आपण दर महिन्याला तिची वर्गणी भरतो. सिंडा, म्हणजे सिंगापूर इंडियन डेव्हलपमेंट असोसिएशन. ती कशी उभी राहिली हे पाहण्यासारखं आहे.

१९८०च्या दशकात इथल्या भारतीय मुलांचे शाळेतले निकाल, विशेषतः गणितातले, काळजी करण्यासारखे होते. मलय-मुस्लिम समाजासाठी 'मेंदाकी' १९८२ मध्ये सुरू झाली होती. भारतीयांसाठी तसं काही नव्हतं. संस्था नव्हत्या असं मात्र नाही. इंडियन असोसिएशन १९२३ पासूनची, बंगाली असोसिएशन १९५६ ची, तेलुगू समाजम १९७५ चं. देवळं होती, गुरुद्वारे होते, व्यापाऱ्यांच्या संस्था होत्या. प्रत्येकाचं आपापलं चाललेलं. 'नापास होणारी आपली मुलं' हा प्रश्न मात्र कुणा एकाचा नव्हता, म्हणून कुणाचाच नव्हता.

मग काय केलं? मोर्चा काढला नाही. आधी अभ्यास केला. 'ॲक्शन कमिटी ऑन इंडियन एज्युकेशन' नावाची समिती बसली, तिनं आकडे गोळा केले, घरोघरची परिस्थिती पाहिली आणि १९९१ मध्ये अहवाल दिला. त्यातून त्याच वर्षी सिंडा निघाली. पगारातून थोडे थोडे पैसे कापायचे, सरकारनं त्यात भर घालायची आणि मुलांना स्वस्तात शिकवणी द्यायची. त्या 'स्टेप' शिकवण्या आजही चालू आहेत. बीटी रोडवरच्या कार्यालयात शिष्यवृत्त्या, अडचणीत सापडलेल्या कुटुंबांना मदत अशी कामं चालतात.

यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की मागणी करण्याआधी मोजणी केली. आपल्या चहाच्या वेळच्या चर्चेत मोजणी कधीच नसते. सिंगापुरात मराठी घरं किती, त्यातली पीआर किती, शाळेत जाणारी मुलं किती, दुसरी भाषा कोणती घेतात, म्हातारे आईवडील किती जणांकडे आहेत, यातलं एकही उत्तर आपल्याकडे लिहिलेलं नाही. जनगणनेच्या २०२० च्या आकड्यांनुसार इथल्या रहिवाशांत भारतीय ९ टक्के आहेत. १९९० मध्ये ते ७.१ टक्के होते. ही वाढ झाली ती बरीचशी आपल्यासारख्या नंतर आलेल्यांमुळे. पण त्यात आपण किती, हे आपल्याच मंडळाला ठाऊक नाही.

आता दुसरी गोष्ट, जी आपल्या घरात रोज रात्री जेवणाच्या टेबलावर येते. मातृभाषेचा पेपर.

इथं शाळेत इंग्रजीबरोबर 'मातृभाषा' सक्तीची. भारतीय मुलांसाठी सरकारी भाषा तमिळ. एकेकाळी पंजाबी, गुजराती, बंगाली घरांतल्या मुलांनी तमिळ, मलय नाही तर चिनी यांतली एखादी घ्यायची, असंच होतं. घरात एक भाषा, शाळेत दुसरी, परीक्षेला तिसरी. मुलं हुशार असूनही भाषेत मागे पडायची आणि त्याचा परिणाम पुढच्या प्रवेशांवर व्हायचा. या समाजांनी वर्षानुवर्षं आपलं म्हणणं लावून धरलं. शेवटी १९८९-९० च्या सुमारास सरकारनं बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी आणि उर्दू या पाच भाषांना मान्यता दिली.

पण थांबा, खरी गोष्ट इथून पुढं आहे. मान्यता मिळाली ती अशी, की परीक्षा सरकार मानेल, शिकवायचं मात्र तुम्ही! शिक्षक तुम्ही शोधा, पुस्तकं तुम्ही करा, शनिवारी शाळेच्या इमारतीत वर्ग तुम्ही भरवा. १९९० मध्ये हिंदी सोसायटी स्थापन झाली, त्याच वर्षी सिख एज्युकेशन फाउंडेशन. पुढे पाचही भाषांच्या लोकांनी मिळून शिकवणं आणि परीक्षा यांसाठी एक सामाईक मंडळ केलं. एकमेकांशी स्पर्धा न करता सरकारपुढे एका टेबलाशी बसायचं ठरवलं. गुजराती आणि उर्दूची मुलं हिंदीपेक्षा कितीतरी कमी, पण टेबलाशी खुर्ची मिळाली.

त्या पाचांत मराठी नाही. मल्याळम, तेलुगू, कन्नडही नाहीत. मल्याळी मंडळी तर या बेटावर आपल्यापेक्षा कितीतरी आधीपासून आणि कितीतरी जास्त. म्हणजे संस्था जुनी असली, संख्या मोठी असली की झालं, असं नाही. १९८९ मध्ये इथं मराठी घरं मोजकीच होती, त्यामुळे आपण तेव्हा रांगेत नव्हतो, हे उघड आहे. आज आहोत. आपली बहुतेक मुलं हिंदी घेतात. लिपी तीच, त्यामुळे निभावतं. पण आजीनं पाठवलेलं पत्र वाचताना 'ळ' आला की अडखळतात आणि 'चहा पिली' म्हणतात. रविवारच्या मराठी वर्गाला यायचं तर त्याचे मार्क कुठंच धरले जात नाहीत, म्हणून पीएसएलईच्या वर्षी वर्ग ओस पडतो. कुणाला दोष द्यावा? आईबापांना? त्यांना मुलाचं पुढचं दिसत असतं.

३ ऑक्टोबर २०२४ ला भारत सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा आपण पेढे वाटले, आणि वाटायलाच हवे होते. पण तो दर्जा दिल्लीचा. सिंगापूरच्या शाळेत त्यानं एक तासही वाढत नाही. इथली मागणी इथंच, इथल्या पद्धतीनं करावी लागेल, आणि करायची की नाही हेही आधी आपापसांत ठरवावं लागेल. कारण उद्या समजा कुणी म्हणालं, "ठीक आहे, मराठीला मान्यता देतो, शिकवा," तर दर शनिवारी वेगवेगळ्या इयत्तांचे वर्ग घ्यायला आपल्याकडे किती जण उभे राहतील? हात वर करण्याआधी विचार करा. मॉरिशसमध्ये मराठी आजही सरकारी शाळांत शिकवली जाते, महात्मा गांधी संस्थेत तिचा स्वतंत्र विभाग आहे. तिथं कोकणातून गेलेल्या लोकांनी उसाच्या मळ्यांत राबता राबता ती आधी देवळांतल्या बैठकांत जपली, म्हणून पुढं ती शाळेत पोचली. आधी काम, मग मान्यता, हाच क्रम तिथंही दिसतो.

काही जण म्हणतील, "आपल्याला कसली अडचण आहे? नोकऱ्या चांगल्या, घरं चांगली. कशाला हवी ही संघटना?"

अडचण नसते तोवर नसते. एचडीबीच्या घरांचंच घ्या. १९८९ पासून प्रत्येक ब्लॉकमध्ये आणि वसाहतीत कुठल्या वंशाची किती घरं असावीत याची मर्यादा आहे. 'भारतीय व इतर' यांची मर्यादा २०१० मध्ये वाढवून वसाहतीला १२ टक्के आणि ब्लॉकला १५ टक्के केली. हेतू चांगला आहे, वेगवेगळ्या वस्त्या पडू नयेत हा. पण ज्या ब्लॉकमध्ये चिनी मर्यादा भरलेली असते तिथं भारतीय माणसाला घर विकायचं तर चिनी गिऱ्हाईक चालत नाही, म्हणजे गिऱ्हाईकच कमी आणि भावही कमी. ही तक्रार वर्षानुवर्षं होत राहिली. संसदेत उपस्थित झाली, आणि २०२२ मध्ये एचडीबीनं अशा अडकलेल्या अल्पसंख्य घरमालकांचं घर काही परिस्थितीत स्वतः विकत घेण्याची सोय केली. ही सोय काही 'मराठी प्रश्न' म्हणून झाली नाही. मलय आणि भारतीय घरमालकांचा तो एकत्र प्रश्न होता. इथं 'आम्ही मराठी' म्हणून एकटे गेलो असतो तर कुणी विचारलंही नसतं.

आणि हवा बदलते तेही आपण पाहिलंय. 'सीका' हा २००५ साली भारत आणि सिंगापूर यांच्यात झालेला व्यापारी करार. पण कोविडच्या काळात तो शब्द बसमध्ये, लिफ्टमध्ये शिवीसारखा कानावर यायला लागला. २०२१ मध्ये त्यावर संसदेत चर्चा झाली. २०२५ च्या फेब्रुवारीत वांशिक सलोखा राखण्यासाठी स्वतंत्र कायदा संमत झाला. त्या दिवसांत शिवी देणाऱ्यानं 'तुम्ही पुण्याचे की तंजावरचे?' असं विचारलं नव्हतं. आणि चार पिढ्या इथं राहिलेल्या तमिळ शेजाऱ्यालाही तेच ऐकावं लागलं, तेही आपल्यामुळे असं त्याला वाटत असेल तर नवल नाही. आपण त्याच्याशी कधी बोललोय का? पोंगलला त्याच्याकडे, संक्रांतीला त्यानं आपल्याकडे, दिवस तर एकच असतो! पण आपले तिळगूळ आपल्यातच वाटून संपतात.

संघटना बांधायचं हे काही आपल्याला नवीन नाही. २ एप्रिल १८७० ला पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. सुरुवात झाली ती पर्वतीच्या देवस्थानाच्या कारभारावरून, म्हणजे अगदी आपल्या मंडळाच्या भांडणांसारखीच! पण गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, यांनी नियम असा केला की सभासद व्हायचं तर किमान पन्नास माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. पंच्याण्णव सभासद झाले आणि त्यांच्या मागे सुमारे ६,००० माणसांच्या सह्या उभ्या राहिल्या. म्हणून सरकारला अर्ज गेला की 'हे कोण?' असं विचारायची सोय राहिली नाही. पुढं याच सभेनं शेतकऱ्यांच्या परिस्थितीची पाहणी केली, १८७६-७७ च्या दुष्काळात गावोगावची माहिती जमवून सरकारपुढं ठेवली, आणि १८७८ पासून त्रैमासिक काढलं. हो, त्रैमासिकच!

नाताळमध्ये १८९४ साली भारतीयांचा मताधिकार काढून घेणारं विधेयक आलं तेव्हा गांधीजींनी महिन्याभरात सुमारे १०,००० सह्या गोळा केल्या आणि नाताळ इंडियन काँग्रेस उभी केली. लंडननं ते विधेयक नामंजूर केलं. पण नाताळ सरकारनं १८९६ मध्ये शब्द फिरवून, भारतीयांचं नाव न घेता तेच साधलं. म्हणजे एका अर्जानं काम भागत नाही, संस्था टिकावी लागते. आणि ती टिकावी म्हणून गांधीजी दोन गोष्टींबद्दल फार कडक होते, वर्गणी वेळेवर आणि प्रत्येक पैची पावती.

आणखी एक उदाहरण आपल्या भाषेतलंच. कोकणातून इस्राएलला गेलेले बेने इस्राएल. १९६२ मध्ये तिथल्या प्रमुख धर्मपीठानं फतवा काढला, की यांची लग्नं लावताना आधी पिढ्यांची चौकशी करा. अलिबाग-रेवदंड्याची ही माणसं, घरात मराठी बोलणारी, नव्या देशात पाय रोवतायत तोच 'तुम्ही आमच्यातले कशावरून?' असा प्रश्न. ती एकत्र आली. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये ठिय्या देऊन बसली, आणि ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेनं त्यांच्या बाजूनं ठराव केला. धर्मपीठाला तो आदेश बदलावा लागला. त्यांची मागणी एकच होती आणि ती एका वाक्यात सांगता येत होती.

आता कुणी म्हणेल, "ते इस्राएल, हे सिंगापूर!" अगदी खरं. इथले नियम वेगळे आहेत. दहा किंवा जास्त माणसांची संस्था नोंदवावी लागते. निदर्शनांची जागा एकच, हाँग लिम पार्क, आणि तिथंही परदेशी नागरिकाला भाग घेता येत नाही. एम्प्लॉयमेंट पासवर आलेल्यानं इथल्या राजकारणात पडू नये, हे आपल्यालाही मान्य आहे. म्हणून इथं संघटना म्हणजे घोषणा नव्हे. इथं ज्याच्या हातात काम आणि कागदावर आकडे, त्याचं ऐकतात. त्यातही दोन तऱ्हा आहेत. मेंदाकी सरकारच्या जवळची. पण त्याच मलय-मुस्लिम समाजातल्या काही सुशिक्षित मंडळींना वाटलं की पुढारी राजकारणातले नसावेत, म्हणून त्यांनी १९९१ मध्ये 'असोसिएशन ऑफ मुस्लिम प्रोफेशनल्स' ही वेगळी संस्था काढली. दोन्ही चालू आहेत, दोघींचीही कामं होतात.

अशा वंशवार मदतसंस्था असाव्यात का, की गरीब तो गरीब म्हणून एकच संस्था हवी, हा वादही इथं जुनाच आहे. मला स्वतःला त्या वादात दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटतं. पण संस्था आहे आणि आपले पैसे तिथं जातायत, तोवर बाहेर उभं राहून शेरे मारण्यात काही अर्थ नाही.

मग करायचं काय? वेगळी 'अखिल सिंगापूर मराठी महासभा' काढावी असं मला मुळीच वाटत नाही. चिवडा तिखट की गोड यावर आपलं एकमत व्हायला दोन सभा लागतात, महासभेला किती लागतील! मला वाटतं तीन साधी कामं पुरेत.

पहिलं, मोजणी. मंडळाच्या सभासदत्वाच्या फॉर्मला एक पान जोडा. नाव नको, पत्ता नको. फक्त घरात माणसं किती, मुलं कितवीत, दुसरी भाषा कोणती, नागरिक-पीआर-पासवाले किती, कसली अडचण आहे. सार्वजनिक काकांनी पुण्यात घरोघर फिरून सह्या जमवल्या, आपल्याला बसल्या जागी जमायला हवं.

दुसरं, माणसं द्यायची. सिंडाला शिकवणीला, वाचनवर्गाला स्वयंसेवक हवेच असतात. आपल्यात इंजिनियर, प्राध्यापक, गणितात पैकीच्या पैकी मिळवलेले थोडे आहेत का? दर वर्षी दहा जण गेले तरी पाच वर्षांत पन्नास होतात. ज्या मुलाला आपण अपूर्णांक शिकवू तो बहुधा मराठी नसेल. नसू दे. त्याच्या आईला आपण कोण हे कळेल, आणि आपल्याला ती कोण हे कळेल. टेबलाशी खुर्ची मिळते ती अशी. आणि हे काम नागरिकच करू शकतो असंही नाही.

तिसरं, एकच मागणी ठरवायची. दहा नको. माझी सूचना मराठीच्या पेपरची नाही, निदान आत्ता नाही. आधी वर्ग सलग चालवून दाखवू. पहिली ते सहावी, सहा वर्षं, तीच मुलं, हजेरीपटासकट. मल्याळी, तेलुगू, कन्नड मंडळींचीही हीच अडचण आहे, त्यांच्याशी आत्तापासून बोलू. सहा वर्षांनी चौघे मिळून गेलो तर निदान दार वाजवायला हातात काही असेल. नाही मिळालं, तरी सहा वर्षं मराठी शिकलेली मुलं कुठं जातात?

घाई कशाला, असं म्हणाल तर सांगते. आपण 'दोन वर्षांसाठी' आलो होतो. त्याला कुणाला बारा झाली, कुणाला पंचवीस. पीआर घेतलेल्या घरांतली मुलं अठराव्या वर्षी केस कापून एनएसला जातात. दोन वर्षं या देशाचा गणवेश घालतात. त्यांना 'आम्ही इथले पाहुणे' ही आपली भाषा कळत नाही. ती इथलीच आहेत. त्यांच्या वतीनं कुणी बोलायचं, हा प्रश्न आपण टाळला तर ती स्वतः बोलतील, पण तेव्हा 'मराठी' या शब्दाशी त्यांचं काही नातं उरलेलं असेल का?

पुढच्या सभेत हा विषय चहाच्या आधी घ्यावा, असं मी कार्यकारिणीला कळवलं आहे. तुमचं मत काय, मोजणीच्या पानावर आणखी काय विचारावं, शनिवारचे दोन तास कोण देऊ शकेल, हे संपादकांकडे जरूर लिहून पाठवा. विरोधात असलात तरी लिहा. सह्या पन्नास लागतात, पण सुरुवात पहिल्या सहीनंच होते. माझी धरा.